राजीनामा आणि दीड तास

ग्वाल्हेरहून भोपाळ विमानाने दीड तास. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. आईच्या शेजारी बसून मी स्वतः अनुभवलंय.

राज्यं एकात एक मिसळली, राजधानी भोपाळला गेली आणि बाबांची कचेरीही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून उठून तिकडे गेली. आई आणि मी ग्वाल्हेरला, दौलतगंजातल्या घरीच राहिलो. भोपाळला जायला आगगाडीने अख्खा दिवस लागायचा. आईला भोपाळ म्हणजे जगाचं टोक. "मी काही तिकडे यायची नाही," असं तिने ठणकावून सांगितलं होतं. तिकडे बाबांचा नागपूरहून आलेल्या एका कारकुनाशी वाद जुंपला होता, दोघांत नोकरीने ज्येष्ठ कोण आणि वरची जागा कोणाची म्हणून. बाबा भडक डोक्याचे. काय करतील याचा नेम नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी बाबांच्या कचेरीतल्या हिंदीभाषक मित्राची चिठ्ठी आली. "भाभीजी, भाईसाहब का राजीनामा तैयार है. शुक्रवार को बारह बजे साहब दस्तखत कर देंगे."

आई साताऱ्याकडची, तिची हिंदी भाजी घेण्यापुरती. ती मटकन खालीच बसली. "अगं बाई! नोकरीवर लाथ मारली यांनी!" मी गल्लीत दिवसभर हिंदी बोलायची, पण कचेरीतले शब्द मला कुठले ठाऊक? मीही भोकाड पसरलं.

सकाळच्या गाडीने पोचेतो कचेरी बंद झाली असती. विमान मात्र सकाळीच होतं. शेजारच्या काकांनी धावपळ करून तिकिटं आणली. विहिरीत डोकवायला भिणारी माझी आई नऊवारी सावरत विमानाची शिडी चढली.

खाली किल्ला पाटाएवढा झाला, मग सहाणेएवढा, मग दिसेनासाच झाला. बाई गं! तो किल्ला चढताना माझे पाय मोडायचे! पुढे नुसतं रान, नदी, पुन्हा रान. आई डोळे मिटून जप करत होती. "आई, देख तर!" मी तिला हलवलं. तिने एक डोळा उघडला, मग दोन्ही, आणि उतरेपर्यंत मिटलेच नाहीत. "एवढंच का गं अंतर?" ती सारखी विचारत होती.

कचेरीत बाबा दिसले तशी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, राजीनामा परत घ्या!"

बाबा चक्रावले. तो मित्र मात्र पोट धरधरून हसायला लागला. त्यांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद! नोकरी जागच्या जागी होती. आईसुद्धा हसली. मग तिने विचारलं, "पण तडजोड कसली?"

बाबांनी मान खाली घातली. "वरची जागा मी त्या नागपूरवाल्याला सोडतोय. त्याबदली मला ग्वाल्हेरला धाडतील. तुम्ही दोघी इतक्या लांब, एकट्या..."

"लांब?" आई म्हणाली. "सकाळी चहा घेऊन निघाले, अजून जेवायची वेळ झाली नाही. माझ्या भीतीपायी तुम्ही हक्काची जागा सोडणार? परत घ्या तो कागद. बिऱ्हाड इकडे आणू."

मी आईकडे बघतच राहिले. ही आपलीच आई?

बारा वाजायला थोडाच अवकाश होता. बाबा कागद मागायला साहेबांच्या खोलीत गेले, आणि आमचं ग्वाल्हेर सुटलं.