मागून ओ देणारा माणूस

माझ्या आत्यावर अन्याय झाला. कधी? सन १९४८, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर. कुठे? नल्लमलाच्या डोंगरात, कृष्णेकडे उतरणाऱ्या शेवटच्या घाटात. कुणी केला? आमच्या पत्रकांत या प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर असायचं आणि ते ठळक टायपात छापलेलं असायचं. या वेळी ते चालणार नाही. सरकारच्या शिपायांनी तिला बोटही लावलं नाही. आम्ही लावलं. हैदराबादच्या जामबागेतल्या आणि हिमायतनगरातल्या शिकलेल्या, खादी घालणाऱ्या, मुक्तीच्या गोष्टी करणाऱ्या पोरांनी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, तेव्हापासून आमच्याकडेच. वडील एकदा विषमज्वरातून उठले, त्या वेळी तिने श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला नवस बोलला होता: जंगलातली सगळी वाट स्वतःच्या पायांनी, अनवाणी चालून येईन आणि नारळ फोडीन. नवस बोलला तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. मग दरवर्षी काहीतरी निघायचं. कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न. सगळ्यांची कामं उरकेपर्यंत शिवरात्र होऊन जायची. ती म्हणायची, "देव कुठं पळायलाय?" आणि पुन्हा चुलीपुढे बसायची.

त्या वर्षी तर वडिलांनी सरळ नाही म्हटलं होतं. दिवस वाईट होते. देश स्वतंत्र झाला होता आणि हैदराबाद झालं नव्हतं. जामबागेत दिवेलागणीनंतर माणसं दारं लावून बसत. वडील सरकारी नोकर, त्यामुळे आमच्या घरात तर बोलणंसुद्धा दबक्या आवाजात.

नेमकं त्याच वेळी आमच्या गटाला नदीपलीकडे जायचं होतं. पलीकडे हिंदुस्थान. तिथे आमची पत्रकं छापून तयार होती आणि ती घेऊन यायची होती. अमराबादच्या पठारावरून डोंगर ओलांडून जाणारी यात्रेकरूंची जुनी पायवाट त्यासाठी सोयीची. फक्त यात्रेकरू दिसले पाहिजेत. आमचा म्होरक्या वकिलीचा विद्यार्थी होता. तो मला म्हणाला, "तुझी आत्या आहे ना? असं कुणीतरी खरं वाटणारं बरोबर पाहिजे."

ती खरं वाटणारी नव्हती, खरी होती. हा फरक त्या दिवशी मलाही सुचला नाही. मी वडिलांना गळ घातली, सोबत जातो म्हणालो, आणि ते कसेबसे तयार झाले.

आत्याने ते ऐकून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे गच्चीवर तिची पावलं वाजू लागली. कडेवर भरलेली कळशी घेऊन ती या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत अनवाणी चालायची. आई म्हणाली, "अहो, घसराल." आत्या म्हणाली, "डोंगरात घसरण्यापेक्षा इथं घसरलेलं बरं, हळद तरी घरात आहे."

नामपल्लीहून मोटारीने अचंपेटपर्यंत, तिथून बैलगाडीने पठाराच्या पायथ्याशी, आणि मग पाय. शेवटचा टप्पा सगळ्यांत लांब. तो एका दिवसात काढायचा, कारण अंधार पडला की नावाडी नाव घालत नाही.

पहाटे निघताना आत्याने आमच्या म्होरक्याला त्या वाटेची रीत सांगितली. तिची सासू त्या वाटेने दोनदा गेलेली. रीत अशी: सगळ्यांत सावकाश चालणारं माणूस सगळ्यांत पुढे. सगळ्यांत दणकट माणूस सगळ्यांत मागे. दर वळणावर पुढच्याने तेलुगूत मल्लिकार्जुनाला हाक मारायची, "मल्लन्ना!" आणि अगदी शेवटच्याने ओ द्यायची, "वस्तुन्नाम!" म्हणजे, येतोय. ओ आली नाही तर पुढचं पाऊल टाकायचं नाही.

"आत्याबाई," म्होरक्या हसून म्हणाला, "ही यात्रा बाकीच्यांसाठी. आपण कामावर आहोत. आवाज अजिबात नको. पुढे चौकी आहे."

"यात्रेला निघालेल्या माणसांनी तोंड बंद ठेवायचं?"

"आजचा दिवस."

"आणि पुढे कोण चालणार?"

"मी," तो म्हणाला. त्याला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

आम्हालाही तेच बरोबर वाटलं. आम्ही आयुष्यभर प्रभातफेऱ्या काढलेल्या. फेरीत पुढारी पुढे, मग घोषणा देणारे, मग बायका, मग म्हातारी माणसं. त्या डोंगरात आम्ही तशीच रांग लावली. झेंडा तेवढा नव्हता. आत्या शेवटी गेली. जाताना मला म्हणाली, "तुमची मिरवणूक निघाली की रे."

मार्चचं ऊन. सागाची पानं झडून गेलेली, त्यामुळे सावली नाही आणि पायाखाली तीच पानं, वाळलेली, मोठी, ताटाएवढी. त्यांच्याखाली दगड की खड्डा ते पाय टाकल्यावरच कळायचं. चढ संपला असं वाटे आणि समोर दुसरा चढ उभा असे. ओढ्यांत पाणी नव्हतं, नुसते गोटे. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो मी सुतळीने बांधला, सुतळी बोटांत रुतली. मी पुढच्या माणसाच्या पाठीवरचा घामाचा डाग बघत चालत होतो. मागे बघायचं सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, मागे बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं.

दुपारी एका चिंचेखाली टेकलो आणि धपाटे सोडले तेव्हा कळलं, आत्या नाही.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटची कुणी पाहिली? ओढ्यात. कुठल्या ओढ्यात? तेवढ्यात एकजण म्हणाला, "हाक मारू का?" आणि म्होरक्याने ओठांवर बोट ठेवलं. ते बोट मी अजून विसरलो नाही.

मी आणि आणखी एकजण मागे गेलो. उतरून आलो होतो तो बराच चढ पुन्हा चढलो. आत्या एका खडकावर बसली होती. पायात काटा मोडलेला, तो तिने दुसऱ्या काट्याने कोरून काढला होता आणि पदराची चिंधी बांधली होती. मांडीवर नारळाची पिशवी. चेहरा घाबरलेला नव्हता. रुसलेला होता.

"आत्या, हाक का नाही मारलीस?"

"तुम्हीच म्हणालात, मारायची नाही म्हणून."

 ती उठली, पाऊल टेकवून पाहिलं, आणि म्हणाली, "चल. दुखतंय, पण माझं आहे."

चिंचेखाली पोचेपर्यंत दुपार कलली होती. म्होरक्या घड्याळ बघत होता. वाटेने दोन डोलीवाले रिकामी डोली घेऊन येत होते, पलीकडच्या कुणा सावकाराला पोचवून. त्याने त्यांना थांबवलं.

"आत्याबाई, बसा."

"मी बसणार नाही."

"नाव चुकेल. तिथं माणसं आपली वाट बघत आहेत."

"मग तुम्ही जावा. हे पोरगं राहील माझ्याजवळ. आम्ही रात्री यात्रेकरूंच्या ठाण्यावर झोपू, उद्या पहाटे उतरू. शिवरात्र उद्याच हाय की."

"यात्रेकरूंशिवाय चौकी कशी ओलांडू?" तो म्हणाला. आणि मग समजुतीच्या सुरात, "देवाला सगळं कळतं, आत्याबाई. मनाने चाललात म्हणजे पायांनीच चाललात."

"वकील आहेस," आत्या म्हणाली, "देवाकडून पण तूच बोलायलास."

आमच्यातल्या दोघांनी तिला दंडाला धरून उचललं. ती ओरडली नाही, कारण ओरडायचं नाही असं ठरलं होतं. डोलीत बसवल्यावर तिने पाय बाहेर काढून जमिनीला लावायचा प्रयत्न केला. डोलीवाले चालू लागले आणि तिची टाच पानांवरून थोडी फरफटली. मग तिने पाय आत घेतले. राहिला होता फक्त उतार. इतक्या वर्षांच्या नवसातला एवढाच राहिला होता.

मला त्या क्षणी काय वाटलं? सुटका वाटली. आता भरभर चालता येईल, असं वाटलं. हे लिहिताना कान गरम होतायत.

चौकीवरचा शिपाई बाजेवर पडून विडी ओढत होता. आमची मुकी रांग बघून उठून बसला. "क्या बाताँ हैं? यात्रा कू जारैं कि मय्यत कू? सुबे से सब गला फाडते जारैं, तुम लोगां चुप्प?"

म्हणजे ओरडत गेलो असतो तर त्याने मानही वर केली नसती. आमचा म्होरक्या गप्प. आम्ही सगळे गप्प. तेव्हा डोलीतून आत्याने हाक मारली, "मल्लन्ना!" घसा कोरडा पडलेला, तरी अख्ख्या दरीत ऐकू गेली. शिपाई हसला आणि त्याने हाताने "जाव" केलं. मागून ओ मात्र कुणी दिली नाही. कुणी द्यायची तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

कातडं मढवलेल्या गोल टोपलीसारख्या नावेतून आम्ही पलीकडे गेलो. पलीकडच्या काठावर आमच्यातले दोघेतिघे वाकून माती कपाळाला लावत होते. आत्या पायऱ्या चढून देवळापर्यंत आली, पण आत गेली नाही. दाराबाहेर बसून राहिली. मी म्हटलं, "इतकं लांब आलीस, दर्शन तरी घे." ती म्हणाली, "कोण आलंय? मला आणलंय." नारळ तिने परत आणला.

सप्टेंबरात फौजा आल्या, हैदराबाद सामील झालं, आणि थंडीत जामबागेतल्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या गटाचा सत्कार झाला. आत्याला पहिल्या ओळीत बसवलं. म्होरक्या बोलायला उठला: एक वृद्ध माता, अनवाणी, काट्याकुट्यांतून, केवळ मुक्तीच्या ध्यासाने, संपूर्ण डोंगर पायी ओलांडून गेली.

आत्या उभी राहिली. "खोटं हाय," ती म्हणाली. "मला डोलीत घालून नेलं. ह्यांनीच घातलं. आणि मी तुमच्या कामाला नव्हते गेले, माझ्या कामाला गेले होते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा विनय, म्हणाले. शाल दोन वेळा घालावी लागली, कारण पहिल्यांदा तिने ती खुर्चीवर ठेवून दिली.

बाहेर मी म्होरक्याला गाठलं. तो म्हणाला, "अरे, भाषणात एवढं चालतं. कुणाचं नुकसान झालं?"

कुणाचं नुकसान झालं ते वर पहिल्या ओळीत लिहिलं आहे. ज्यांच्या तोंडावर बंदी होती म्हणून आम्ही लढलो, असं आम्ही सांगतो. आणि आमच्या रांगेतल्या शेवटच्या बाईचं तोंड पहिल्याच दिवशी आम्ही बंद केलं, मग तिला उचललं, मग तिच्या नावाने आमचं भाषण केलं. मी या गटात अजून आहे. सोडून गेलो तर ते सोपं होईल.

नारळ देव्हाऱ्यात आहे. आतलं पाणी आटलं आहे, हलवला की गोटा खुळखुळतो. या थंडीत गच्चीवर पहाटे पुन्हा पावलं वाजू लागली आहेत. काट्याच्या जागी घट्टा पडला आहे आणि ती त्या पायाने जरा आखडून चालते. येत्या शिवरात्रीला ती निघणार. वडिलांनी हो म्हटलं नाही, पण तिने या वेळी विचारलेलंही नाही.

तेव्हा सभागृहात टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हाला सांगतो. वर्गणी नको, शाल नको, तिच्यावर दुसरं भाषण तर नकोच. चपला काढा आणि चला. म्होरक्या, तूही चल. आत्या पुढे चालेल, तिच्या पावलाने. तुम्ही मागे चाला. ती थांबली की थांबा. संध्याकाळची नाव चुकली तर चुकू द्या. आणि वळणावर तिने हाक मारली की अगदी शेवटून, दरीत ऐकू जाईल अशी, ओ द्या.