डबा भरलेलाच परत आला

पडेगावातल्या आयांनो, आज पोरांचे डबे उघडून बघितले का? मी बघितला, तर भरलेलाच.

लॉकडाऊननंतर आज शाळेचा पहिला दिवस. आमची समू दुसरीत, पण वर्गात बसायची ही पहिलीच वेळ. गेटवर ताप तपासला, हातावर सॅनिटायझर घेतलं आणि माझ्याकडं वळूनसुद्धा न बघता आत गेली.

दुपारी घरी आली. डब्यातले धपाटे जसेच्या तसे! धपाट्यासाठी भावाशी मारामारी करणारी पोरगी ही. माझ्या मनात नको ते आलं. चव गेली का हिची? वास येईना का? कपाळाला हात लावून बघितला, तर ताप नव्हता.

"समू, खाल्लं का नाय गं?"

"मॅडम म्हणल्या, शाळेत मास्क अजिबात काढायचा नाय."

"अगं, जेवताना काढायचा असतो! बाकीच्या पोरांनी काय केलं?"

"त्यांनी काढला. मी नाय काढला." आवाजात केवढा रुबाब! मग हळूच म्हणाली, "पण मम्मी, मास्कमधून पण लई भारी वास येत होता. मी सारखं डबा उघडून बघत होते."

वास येत होता! मी तिला कवटाळून तिथंच रडले. तिला काहीच कळेना. घाबरून विचारते, "मम्मी, आता काढू का मास्क?"

तुमच्या लेकरांनी आज काय केलं, सांगा. आमची बसलीय धपाटे खात, दह्यासोबत, मास्क काढून.