काळी पाटी घेऊन धुळ्याला

आणि तरी अब्बांचं एकच, चमकत नाही तो माल खोटा! तीन वर्षं फोनवर हेच ऐकतोय. ते धुळ्यात कल्हई करतात, भांड्यांना चमक आणतात. मी सातवीतून शाळा सोडून पळालो, आता गुजरातच्या टोकाला सोलरच्या कारखान्यात आहे. आम्ही सिलिकॉनच्या चकचकीत चकत्या गरम रसायनात बुडवून त्यांची चमक घालवतो. वर डोळ्यांना न दिसणारे सुळके उठतात. एका सुळक्यावरून निसटलेला उजेड दुसऱ्यावर आपटतो आणि आत शिरतो. वीज जास्त.

"चमक घालवायचा पगार देतात?" अब्बा विचारायचे.

पण या वेळी त्यांचा डावा खांदा गेला. भट्टीचा भाता फिरवून हात वर उचलेना. दुकान देऊन टाकतो म्हणाले. मी रजा टाकली, आमच्याच मालाची एक काळी सोलर पाटी विकत घेतली आणि निघालो.

सुरतहून भुसावळकडची गाडी धरा. जनरलमध्ये पाटी मांडीवर घेऊन बसलो. लोकांना वाटलं टीव्ही आहे. जळगावला उतराच, तेही थंडीत, भरीत-पुरीसाठी. शंभराच्या नोटेत पोट टम्म. तिथेच बाजारात भात्याऐवजी वारा घालायला बारा व्होल्टचा ब्लोअर घेतला आणि पारोळ्यावरून धुळ्याची एसटी पकडली.

"ही काळी? रिजेक्ट माल उचललास!" अब्बांनी शेजारच्या मोबाइलवाल्याची तेवढीच, जुनी, निळी चमचमती पाटी मागवली. "लाव दोन्ही."

आधी निळी. ब्लोअर कुरकुरला, कोळसा सुस्त. मग काळी लावली. भट्टी अशी फुलली की ठिणग्या थेट रस्त्यावर! (निळी जुनी होती, थोडा फरक त्याचाही. ते मी बोललो नाही.)

हंडा घेऊन आलेली एक आजी हसली, "चाचा, हाई तर तवानागत काळी शे!"

अब्बांनी हंड्याला कथील फिरवलं, त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, मग पाटीकडे पाहिलं. "म्हणजे चमक दिसते तो परत गेलेला उजेड. ही पाटी परत देतच नाही. कंजूस आहे, तुझ्यासारखी."

दुकान राहिलं! संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ भांडी केली, तीही डावा हात खिशात घालून.

आता खोलीवर परतलोय. बॅगेतल्या शर्टाला अजून नवसागराच्या धुराचा वास येतो, धुवायला टाकलेला नाही. काल अब्बांचा फोन आला, दुसरी भट्टी मांडतायत. "पाटी आणू नकोस, पैसे पाठव. मी दुकानदाराला सांगतो, चमकणारी दाखवूच नको."

पाठवतोय: दोन हजार आठशे रुपये.