कापगतेकाकांची सही

कापगतेकाका परीक्षानळी हातात घेऊन उत्तरेच्या खिडकीपाशी जात, एक डोळा मिटत आणि पाण्यातल्या फ्लोराइडचा आकडा सांगून मोकळे होत. लाल द्राव टाकल्यावर पाण्याचा रंग जितका फिका पडेल तितकं फ्लोराइड जास्त, एवढीच ती रीत. मी नवी रसायनतज्ज्ञ. रंगमापकावर तेच पाणी ठेवलं की आकडा जवळपास तोच यायचा आणि मला उगीच शरमल्यासारखं व्हायचं. "पानी खोटं बोलत नाही बाई," ते म्हणायचे, "पाहनारा घाई करते."

गोंदियाच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत ते तीस वर्षं होते. मूळचे तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातले. आजोबांनी बांधलेल्या तलावाची गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की शिपाईसुद्धा ती पुढची पुढची बोलून दाखवायचा. पण पाण्याच्या बाटलीला कुणी बेफिकिरीने हात लावला तर त्यांचा पारा चढे.

मग इलेक्ट्रोडचं यंत्र आलं. पेन्सिलीएवढी कांडी पाण्यात बुडवायची, आधी त्यात एक द्राव घालायचा, की दुसऱ्या कशात अडकलेलं फ्लोराइडही मोकळं होऊन मोजलं जातं. महिनाभर आम्ही दोन्ही पद्धतींनी तपासत होतो. सगळ्या गावांचे आकडे जुळले. सालेकशाजवळच्या एका टोल्याचेच, म्हणजे लहानशा वस्तीचे, जुळेनात. रंग म्हणायचा मर्यादेत आहे, यंत्र म्हणायचं नाही.

"मशीन नवीन आहे, भांबावलं असंल," म्हणत काकांनी तीच बाटली चार वेळा तपासली. पाचव्या वेळी त्यांनी बाटली खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन टोल्यावर गेले.

हातपंपाशेजारी राहणारी सगुणाबाई आमच्यासाठी बाटली भरून ठेवायची. आम्ही पोचलो तेव्हा ती पंपाकडे न जाता घरात गेली आणि माठातलं नितळ पाणी बाटलीत ओतू लागली.

"माठातलं काऊन भरता?" काकांनी विचारलं.

"पंपाचं गढूळ येते जी. साहेब लोकायले तसं कसं देऊ? तुरटी फिरवतो, निवलं का मंग भरतो. दरवेळेसच."

काका तिथेच पंपाच्या ओट्यावर बसले. तुरटी असली की लाल रंग हवा तितका फिका पडत नाही, फ्लोराइड कमी दिसतं. "पुस्तकात होतं हे," ते म्हणाले. "मी वाचलं होतं." समोर सगुणाबाईची थोरली मुलगी उभी होती. हसताना ती तोंडावर हात धरत होती, तरी दातांवरचे फ्लोराइडचे तपकिरी पट्टे दिसलेच. मला त्या क्षणी काकांकडे बघवेना.

पंपाची बाटली त्यांनी स्वतः भरली. यंत्रावर आकडा मर्यादेच्या दुपटीवर गेला.

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी समजुतीचा मार्ग काढला. "उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, फ्लोराइड वाढलं, असं लिहू. छोड़ो ना कापगते, रिटायरमेंट को दो महीने हैं." काकांनी नकारार्थी मान हलवली, आणि जुन्या नोंदवह्या काढून त्या टोल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने लिहिलं, ‘निकाल चुकीचा. नमुन्यात तुरटी. मी पाहायला गेलो नाही.’ खाली सही. साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग ते सांगायला गेले. मी सोबत होते. सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग इतके साल चांगलं आहे म्हणून कोन लिहून देत होतं?"

"मीच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "पोरीचे दात तं गेले. याले आता कोनतं पानी पाजू, ते सांगा."

टोल्याजवळच रेल्वेच्या रुळांपलीकडे एक जुनी विहीर होती. काकांनी स्वतः दोर सोडून तिचं पाणी काढलं. ते दोन्ही पद्धतींनी तपासलं, जंतूंसाठीही तपासलं. पाणी चांगलं निघालं. कागद घेऊन आम्ही परत गेलो, तर सगुणाबाईने तो हातात घेतला नाही.

"आकडा नोका सांगू जी. तुमच्या नातवाले पाजसाल का हे पानी? तेवढं सांगा."

आयुष्यभर खडाखड आकडे सांगणाऱ्या माणसाने कागद पुन्हा उघडून पाहिला, मग घडी करून खिशात ठेवला. "पाजीन," ते शेवटी म्हणाले.

निवृत्तीनंतर वर्षभरात काका गेले. आता अहवालांवर सही माझी असते. यंत्र आकडा क्षणात देतं. मी मात्र प्रत्येक कागदापाशी थांबते, माझ्या मुलीला हे पाणी देईन का म्हणून, आणि उशीर होतो म्हणून साहेब माझ्यावर चिडतात.