आत दुमडलेलं कापड

गिऱ्हाइकाला ठरल्या दिवशी कपडा मिळाला असं त्याच्या शिंपीकामाच्या दुकानात कधी घडलं नाही, म्हणून सगळे त्याला उद्यामास्तर म्हणत. काविळीने डोळे पिवळे झाले तरी हा म्हणे, दवाखान्यात उद्या जाऊ. गेला तोवर पित्तनलिकेतली गाठ अशी पसरली होती की ऑपरेशनचा प्रश्नच उरला नाही.

डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ‘‘गाठ जाणार नाही. केमोची दोन औषधं एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा जास्त वेळ मिळतो. त्रासही जास्त होतो.’’

‘‘जन्मभर मी लोकांकडून वेळच वाढवून घेतलाय,’’ मास्तर म्हणाला. ‘‘दोन्ही द्या.’’

थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. बायकोने सगळे शर्ट त्याच्यापुढे टाकले. त्याने ते बाजूंनी आत घेतले, पण जादा कापडाला कात्री लावली नाही. गिऱ्हाईक कितीही बारीक होवो, कापड आत दुमडून ठेवायचं, हा त्याचा धंद्यातला नियम होता.

‘‘कापून टाका हो, काखेत टोचेल.’’

‘‘टोचू दे. मी परत अंगाने भरणार आहे.’’

तिने हात टेकले. पण एका दुपारी सुई त्याच्या बोटात रुतली, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कॉलरवर रक्त उतरलं आणि हा आपला टाके घालतच राहिला. केमोने बोटं कधीचीच बधिर झाली होती. औषध बंद करतील या धास्तीने त्याने ब्र काढला नव्हता. ती मनातून हादरली आणि तोंडाने भांडली. दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.

गाठ वाढलेली नव्हती. तरी बोटांसाठी एक औषध थांबवावं लागलं. मास्तरने ऐकलं ते फक्त औषध थांबल्याचं.

घरी येऊन त्याने शर्ट उलटा केला आणि दुमडलेल्या कापडाला कात्री भिडवली. ‘‘एका औषधावर मी काय भरणार?’’

बायकोने कात्री हिसकावून घेतली. खुर्ची ओढून ती शेजारी बसली आणि त्याने घातलेली शिवण एकेक टाका करून उसवायला लागली. बाही झाली, बाजू झाली. मग तिने शर्ट त्याच्या अंगावर चढवला. तो खांद्यावरून घसरला.

‘‘मोठा होतोय,’’ मास्तर म्हणाला.

‘‘मग भरा,’’ ती म्हणाली. ‘‘आणि ‘उद्यापासून’ म्हणू नका. ताट वाढते.’’