घरचा कागद

"मॅडम, आईला सांगा गाडीत जागा नाही," फोनवर ओंकार कुजबुजत होता. त्याची आई माझ्यासमोरच बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत ओटीचे दोन नारळ.

मुलुंडला माझं टूर्सचं ऑफिस आहे. बावीस वर्षं लोकांना फिरायला पाठवतेय. ओंकार परब आणि सायलीच्या लग्नाला तीनच आठवडे झाले होते. त्यांना हनिमूनला नाशिक हवं होतं. द्राक्षमळ्यातलं सहा खोल्यांचं टुमदार कंट्री इन हॉटेल, दोन रात्री आणि तीन वायनरी. वायनरी म्हणजे जिथे वाइन बनते ती जागा. ती फिरवून दाखवतात, मग टेस्टिंग, म्हणजे चार-पाच प्रकार घोटघोट चाखायला देतात.

"वाइनचं आईला कळलं तर वाट लागली," ओंकार बुकिंगलाच म्हणाला होता.

म्हणून मी दोन आयटिनररी बनवल्या. आयटिनररी म्हणजे कुठल्या दिवशी कुठे जायचं त्याचा कागद. खरा त्या दोघांकडे. दुसरा घरच्यांना दाखवायला, त्याला आमच्या ऑफिसात 'घरचा कागद' म्हणतात. त्यात पंचवटी, काळाराम, त्र्यंबकेश्वर, आणखी चार देवळं. देवळं सगळी खरी होती, फक्त हे दोघं तिथे जाणार नव्हते. असे कागद मी पूर्वीही बनवलेत आणि मला त्याची लाज वाटत नाही.

हा मात्र जरा जास्तच छान जमला. परबकाकूंनी तो वाचला आणि तडक ऑफिस गाठलं.

"दोन दिवसांत एवढे देव! मग आम्ही पण येतो. मी आणि आमचे हे. नव्या जोडप्यासोबत मोठं माणूस नको? देवीची ओटी कोण भरणार?"

"काकू, गाडी छोटी आहे."

"हे पुढे बसतील. पोरांबरोबर मी मागे. मी कुठे जाडी आहे?"

मी दुसरं कारण काढलं. "हॉटेल फुल असेल हो."

"असेल म्हणजे? लाव ना फोन. स्पीकरवर टाक."

लावला. नेमकी पोरांच्या शेजारचीच खोली रिकामी निघाली.

संध्याकाळी सायली आली, अगदी रडकुंडीला. "ताई, आमचं वन बीएचके आहे. बेडरूमची कडी लागत नाही. डाळ-तांदळाचे डबे आमच्याच कपाटात, त्यामुळे सासूबाई कधीही आत येतात. मला फक्त दोन दिवस हवे होते हो, आमच्या दोघांचे."

मला फार वाईट वाटलं. माझ्याच कागदाने तिचा घात केला होता. "मी बघते काहीतरी," म्हटलं. काय बघणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं. शेवटी सुचलं ते एवढंच, की शनिवारी पोट बिघडल्याचं सांगा, म्हणजे म्हातारी माणसं ड्रायव्हरबरोबर देवाला जातील.

मग हॉटेलला व्हाउचर पाठवलं. कोण येतंय आणि त्यांना काय काय द्यायचं, ते व्हाउचरवर लिहितात. हनिमूनवाल्यांचं ठरलेलं असतं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे हंस, केक, एक वाइन, तिन्ही वायनरींचं टेस्टिंग. हे सगळं पहिल्या रूमपुढे लिहिलं आणि दुसऱ्या रूमपुढे लिहिलं, 'सेम अॅज अबव्ह'. ग्रुप बुकिंगची सवय. वीस खोल्यांना वीसदा कोण लिहीत बसतं?

शुक्रवारी दुपारी सायलीचा फोन. "ताई, सासूबाईंच्या पलंगावर गुलाबाचा बदाम काढलाय. टॉवेलचे दोन हंस आहेत, चोचीला चोच लावून. केकवर हॅपी हनिमून लिहिलंय."

मला 'सेम अॅज अबव्ह' आठवलं. "काकू काय म्हणाल्या?"

"आम्हाला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं." मग तिला हसू आवरेना. "कडीचा आवाज आला, ताई!"

शनिवारी पोट बिघडवायची वेळच आली नाही. काकूंनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "तुम्ही पोरं जा गाडी घेऊन. आम्ही इथेच बरे. देव काय पळून जात नाहीत." रविवारीही तेच. पोरांच्या तिन्ही वायनरी झाल्या आणि दोन्ही दिवस त्यांचे त्यांना मिळाले.

सोमवारी काकू ऑफिसात हजर. समोर बसल्या आणि माझं व्हाउचर टेबलावर ठेवलं. तिथल्या मॅनेजरकडून मागून आणलं होतं.

"ह्यां काय गो?"

"चुकलं, काकू. सॉरी."

"झिलान, ओंकारान तरी माझ्याशी खोटं कशाला बोलायचं? मी काय खाल्लं असतं त्याला?" मग आवाज जरा उतरला. "आमचं लग्न झालं तेव्हा लालबागला दहा बाय दहाची खोली आणि नऊ माणसं. ह्यांच्याशी दोन शब्द बोलायला मी गच्चीत पापड राखत बसायचे. अडतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी आम्हाला वेगळी खोली दिली. तू चुकून दिलीस, पण दिलीस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी विचारलं, "आणि वाइन?"

"आंबट. त्यापरीस आमची सोलकढी बरी."

"मग टाकून दिलीत?"

"टाकतंय कित्या? संपवली."

मग त्या टेबलावरून पुढे वाकल्या. "दिवाळीनंतरचं बुकिंग कर. त्या तीन वायनरी बघायच्या राहिल्या. आमका दोघांकच जाऊचा आसा. झिलाक काय सांगू नको हां. त्याका तो देवळांचो कागद दी."

दिला. या वेळी मात्र कागदावर रोज पहाटे चारला उठून काकड आरती टाकली, वर दोन डोंगरांवरची देवळं, पायऱ्यांच्या आकड्यासकट. तासाभरात ओंकारचा फोन आला. "मॅडम, आईबाबांनाच जाऊ दे. आम्हाला सुट्टी नाही मिळणार."

घरचा कागद असाच लिहावा. वाचणाऱ्याला पुण्य दिसावं, पण सोबत यावंसं वाटू नये.