ओल्या मातीत सुकलेली कोरांटी

"कालथी आने नथी राखवो." बंगल्याच्या मालकीण भावनाबेननी माझ्यासमोरच माळ्याकडे बोट दाखवलं. उद्यापासून हा नको.

माळी म्हणजे हिंमतभाऊ, धुळ्याकडचे, साठीला आलेले. सुरतच्या कापड कारखान्यात लूमचा आवाज सोसेना म्हणून माळीकामाला लागलेले. ते खाली मान घालून उभे होते. बंगल्याची बाग मी डिझाइन केलेली. चाळीस जांभळ्या कोरांट्या, सगळ्यांची पानं पिवळी, फांद्या लोळलेल्या.

कोरांटी हे आपल्याकडचंच झुडूप. एकदा रुजली की वर्षानुवर्षं फुलते, पाणी फार मागत नाही. म्हणून तर मी ती सुचवली होती. माझं नाव खराब होईल ते होईल, पण या माणसाची रोजीरोटी जाणार होती.

"पानी ही नहीं डालता होगा. देखो, कैसी सूख गई!" भावनाबेन म्हणाल्या.

मी मातीत बोट खुपसलं. चिखल! एक झुडूप उपटलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास. सुरतची काळी माती पाणी धरून ठेवते. मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि झाड ओल्यातही तहानलेलं दिसतं.

"हिंमतभाऊ, पाणी किती वेळा घालता?"

"सकाय-संध्याकाय, ताई."

"आठवड्यातून एकदा सांगितलं होतं ना?" माझा आवाज चढलाच.

"माती सुकी दिखनी का शेठानी म्हनस, हाऊ काम नही करस."

म्हणजे काम करताना दिसावं म्हणून ते रोज पाणी घालत होते. मी भावनाबेनकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. पाणी बंद. हिंमतभाऊंनी एकेक झुडूप काढलं, सडकी मुळं छाटली, मातीत रेती कालवून वाफा वीतभर उंच केला.

फोन वाजला की मी दचकायचे. आठव्या दिवशी भावनाबेनचा मेसेज आला, आणखी सहा गेली. त्या रागावल्या होत्या. बाराव्या दिवशी हिंमतभाऊंनीच फोटो पाठवला. बुंध्याजवळ हिरवा कोंब होता.

शेवटी तेवीस झुडपं वाचली. हिंमतभाऊही राहिले.

कोरांटीला पाणी कमी लागतं, हे मी दोघांनाही सांगितलं होतं. पाणी द्यायचं नसेल त्या दिवशी माळ्याने शेठाणीला काय करताना दिसायचं, हे सांगितलं नव्हतं. आता बागेच्या प्लॅनमध्ये माळ्याची ती कामं, तण काढणं, छाटणी, आधी लिहिते, झाडांची नावं नंतर.